सीज इंजिनाची घटमांडणी

बुलढाणा जिल्ह्यात भाकिताच्या दोन परंपरा नांदतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्याचा घट मांडतात, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात आणि रात्र उलटल्यावर त्यांची स्थिती पाहून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. दुसरी परंपरा गॅरेजची असून तिला ना मुहूर्त लागतो ना रात्र. बॉनेट उघडताच "इंजिन सीज झालं भाऊ, खोला लागते" हे भाकीत जाहीर होते. पहिल्या भाकिताची परीक्षा निदान पाऊस घेतो. दुसऱ्याची कोणीच घेत नाही.

इंजिन सीज होणे म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरकीत रूपांतर करणारा क्रँकशाफ्ट जागीच अडकणे होय. तेल संपले की बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर तुटून धातूवर धातू घासतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळाला की पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरमध्ये रुततो. आणि नाल्याच्या पुरातून गाडी काढताना सिलिंडरात पाणी शिरले, तर ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. या तिन्हींच्या खुणा वेगळ्या असल्या, तरी गॅरेजशास्त्रात निदान एकच, ते म्हणजे मालकाने ऑइल वेळेवर बदलले नाही. ते त्याच गॅरेजात नुकतेच बदलल्याची पावती निघालीच, तर दोष २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे जातो, आणि गाडी डिझेलची ठरल्यास "समृद्धी महामार्गावर पळवली असन" या सिद्धांताचा आधार घेतला जातो.

वास्तविक स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहता येते. ते सहज फिरले, तर संशय बॅटरी वा स्टार्टरवर जातो. पट्टा काढल्यावरच फिरले, तर अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम असण्याची शक्यता असते. ही तपासणी दुर्मीळ राहण्याचे कारण शास्त्रीय नसून आर्थिक आहे, कारण पुली फिरली की बिलही फिरते.

खामगावच्या सराफ्यात चांदीचा कस विचारल्याशिवाय पैसे न काढणारा ग्राहक येथे मात्र मान डोलावतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तथापि त्यासाठी लागणारा पुरावा, म्हणजे लेखी अंदाजपत्रक आणि काढलेले जुने भाग, यांपैकी पहिले लिहिलेच जात नाही व दुसरे किलोच्या भावाने भंगारात जातात. ते कोणी परत मागितलेच, तर मिस्त्री दुखावल्या स्वरात "भरोसा नाही का?" असे विचारतो, त्यावर मालक ओशाळून "तसं नाही भाऊ" म्हणतो, आणि या तीन शब्दांची किंमत मजुरीच्या रकान्यात लागते.