ओरिजिनल बर्मा टीक

जुन्या लाकडी सामानाची पारख वरून होत नाही, खालून होते. वरची बाजू दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी नटवलेली असते. सुताराचा खरा स्वभाव खाली दिसतो. करवतीचे ओरखडे, सरसाचे वाळलेले ओघळ, एका खाचेचे स्क्रू. मध्येच फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, की समजावं आजीबाईंना नवे दात बसवलेत.

त्यामुळे कुठेही गेलो की मी यजमानांच्या आधी त्यांच्या टीपॉयपुढे वाकतो. भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे आले आणि मी टीपॉयखाली होतो. मुलीच्या आजींनी विचारलं, "काही पडलं का हो?"

"साठचं असावं," मी खालूनच म्हणालो.

"साठ कसले! ब्याऐंशी पुरी झाली मला," आजी लाजल्या. लग्न जमलं. टीपॉयची बोलणी मात्र त्या घराने पुढे नेली नाहीत.

ओशिवऱ्याच्या बाजारात माझ्यासारख्या पारख्यांची फार कदर होते, कारण आम्हाला काहीही विकता येतं. तिथली प्रत्येक वस्तू 'ओरिजिनल बर्मा टीक' असते आणि प्रत्येक वस्तू पारशाच्या घरातून आलेली असते. २०११च्या जनगणनेत अख्ख्या देशात पारशी भरले ५७,२६४. मुंबईत आजवर विकलेला 'पारशाघरचा' माल खरा मानला, तर या सज्जनांच्या घरांत फर्निचर सोडून माणसाला उभं राहायला जागा नसणार. मी हे सगळं जाणतो, मनात हसतो आणि पैसे देतो.

या वेडाला खतपाणी घातलं चंदीगडने. वास्तुकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तसे त्यांचे पाय. पुढे सरकारने त्या भंगार म्हणून काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि आता लिलावात त्या लाखांत जातात. पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचा क्रमांक असेल तर भाव आणखी चढतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. निर्लेखित सामानाच्या लिलावात त्यांनी आपलीच खुर्ची विकत घेऊन घरी आणली होती. तिच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'जि.प. बां.वि.' आणि पुढे आकडा आहे. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. म्हणजे काळही जुळत होता! फक्त जानरे आमच्या तालुक्याला कधी आला होता का, एवढाच दुवा जुळायचा होता.

मी खुर्ची माळ्यावरून काढली आणि स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो. मागच्या पायाला आतून स्पिरिट लावायचं. पॉलिश चिकट झालं तर ते चपडीचं, नाही झालं तर अलीकडचं मेलामाइन वगैरे. चिकट झालं. आता चपडीचा विषय निघालाच आहे, तर संपादकांनी घड्याळ बघू नये. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीकसे किडे बसतात आणि रस पितापिता अंगाभोवती राळ सोडतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, ते स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि मग पॉलिशवाला मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हातावर हात देत राहतो. पावसाळी दमट हवेत दिला तर पांढुरका पडतो. गरम कप ठेवला तर गोल डाग कायमचा. हीच लाख ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत होती, म्हणजे बालगंधर्वांचा आवाज आणि बाबांची खुर्ची एकाच किड्याच्या कृपेने आमच्या घरात नांदली. औषधाच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच. दुर्योधनाने तर लाखेचा अख्खा वाडा बांधला. पॉलिशला काडी लावू नये हे तेव्हापासून माहीत आहे.

पॉलिश मी करून घेतलं. वेत मात्र फाटलेला होता. त्यासाठी जे काका आले ते जन्मांध. पूर्वी अंधशाळांत हे काम हमखास शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या अशा हातांनी विणल्या जात. उभे दोन पदर, आडवे दोन, तिरपे दोन, मग कडेची पट्टी. काकांनी बैठकीवरून एकदा हात फिरवला. "बसणारा डावीकडे कलायचा," ते म्हणाले. "तिकडची भोकं जास्त घासलीत."

बाबा डाव्या कोपरावर भार देऊन लिहीत. मी सांधे, स्क्रू, सरस, क्रमांक, सगळं तपासलं होतं. माझ्या पारखीत बसणारा माणूस नव्हता.

आता काम फारसं येत नाही, असं काका सांगत होते. दुकानदार तयार विणलेली चटई आणून खाचेत चिकटवतात. काकांनी मागितलेली मजुरी माझ्या मित्राचा इंटिरियर डिझायनर नुसता बघायला येण्याचे घेतो त्याहून कमी होती, आणि मी सवयीने घासाघीस करायला तोंड उघडलंही होतं. जानरेचं नाव लिलावाच्या यादीत ठळक छापतात. चंदीगडच्या त्याच खुर्च्या ज्यांनी तासल्या आणि विणल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. याचा मला राग येतो, आणि तो या लेखाला शोभत नाही हेही कळतं.

खुर्ची तयार आहे. विकायची नाही. कोणाला किंमत सांगायला यायचं असेल तर जरूर या, मी आकडा आवडीने ऐकतो. चहा मिळेल, कप मात्र खुर्चीच्या हातावर ठेवायचा नाही.