डिलीटकाका

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर छापलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. संगणक सुरू होताना डिलीटची कळ टकटकटकटक बडवत राहणारा माणूस, म्हणून डिलीटकाका. बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन, मदरबोर्ड मांडीवर धरून लोकलने घरी आणलेला, आणि तेव्हापासून तयार संगणक विकत घेणाऱ्या माणसाबद्दल मनात कायमची अढी. डोंबिवलीत असतात, चिंचवडात असतात. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहेत.

मधली बरीच वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. वाय-फाय पोरं लावून देत, प्रिंटर तर कुणाचाच चालत नसे. काकांचे दिवस पालटले ते २४ जून २०२१ला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागेल असं सांगितलं. आपला संगणक पात्र आहे का ते तपासायला एक छोटं अ‍ॅपही दिलं. हे अ‍ॅप सुरुवातीला नुसतं 'चालणार नाही' म्हणे. का, ते सांगत नसे. थोड्याच दिवसांत कंपनीने ते मागे घेतलं आणि पुढे कारणासकट परत आणलं, पण तोवर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणीकपातीचा विषय मागे पडला होता. चौथ्या मजल्यावरच्या एकाने बोर्डावर बसवायचं सुटं मॉड्यूल चढ्या भावाने मागवलंसुद्धा. त्यावर काकांचा एका ओळीचा निरोप आला : "चिप तुमच्याकडेच आहे. झोपली आहे. रविवारी येतो."

आणि ते खरंच होतं. तोवरच्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये ही सोय आतच असते. इंटेल तिला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम. फक्त जुळवलेल्या संगणकांच्या मदरबोर्डवर ती बऱ्याचदा बंद करून येई. बायोसात, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंग्जमध्ये, डिलीट दाबून शिरायचं, एका ओळीवरचं 'डिसेबल्ड' बदलून 'एनेबल्ड' करायचं, एफ-१० दाबून बाहेर यायचं. दोन मिनिटांचं काम. काकांना सव्वा तास लागतो.

कारण काका नुसते येत नाहीत. बगलेत स्वतःचा वायरवाला कीबोर्ड असतो. "तुमचा ब्लूटूथवाला बायोसात मुका," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "मागे सरा." मग संगणक बंद, चालू, आणि टकटकटकटक. विंडोज सुरू झालंच तर ते मशीनकडे असे बघतात की आपल्याला उगीचच ओशाळल्यासारखं होतं. खरं तर सेटिंग्जमधून 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप' निवडलं की विंडोज स्वतःच बायोसात नेऊन सोडतं. हे मी एकदा सुचवून पाहिलं. "तो मागचा दरवाजा झाला," काका म्हणाले, आणि पुन्हा टकटक सुरू.

आत शिरल्यावर मात्र माणूस बदलतो. घरात मोलकरणीलाही घाबरणारे काका इथे मालक असतात. परक्याच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधावा तशी ही एक ओळ दर कंपनीच्या बोर्डावर वेगळ्या ठिकाणी शोधावी लागते, आणि काकांना सगळ्यांची स्वयंपाकघरं पाठ. आसुसच्या इंटेल बोर्डावर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन'. एमएसआयवर 'सिक्युरिटी'त 'ट्रस्टेड कम्प्युटिंग'. गिगाबाइटवाल्यांनी ती 'मिसलेनियस'मध्ये टाकलेली. "सुरक्षेची चिप, आणि ठेवली कुठे, तर इतर-किरकोळमध्ये!" असं म्हणून ते आपल्याकडे बघतात. आपण च्च् करायचं असतं. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. त्या प्रत्येक फोटोत पडद्यावर काकांच्या कपाळाचं प्रतिबिंब पडलेलं असतं.

"पण काका, ही चिप करते काय?" असं एखादी काकू पोह्यांची बशी ठेवता ठेवता विचारते. काका माऊस सोडतात.

"किल्ल्या सांभाळते."

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

"मग मागितल्या तर देईल?"

"छे! तुम्हालासुद्धा नाही देणार. तेच तर तिचं काम."

उत्तर बरोबर आहे. गुप्त किल्ली चिपच्या बाहेर पडत नाही. तिच्याकडून काम करून घ्यायचं, ती मागायची नाही. शिवाय संगणक सुरू होताना कोणकोणता प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने चालला याची मोजमापं ती टिपून ठेवते आणि त्यात फरक दिसला तर डिस्कचं कुलूप उघडायला नकार देते. काकूला हे पटतं. घरात अशी एक तरी व्यक्ती हवी, असं ती काकांच्या देखत आपल्या नवऱ्याकडे बघत म्हणते.

इथवर सगळं छान. चिप जागी झालेली असते, चहा झालेला असतो, काकांनी उठायला हरकत नसते. पण काकांच्या तोंडून तीन शब्द निघतात, ज्यांना आमची अख्खी इमारत भिते : "आलोच आहे तर..."

आलोच आहे तर सिक्युअर बूटही करून टाकू. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना खात्रीचेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय, हवी तर जुन्या पद्धतीने बूट करणारं सीएसएम बंद करावं लागतं. ते बंद केलं आणि डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर पद्धतीची असली, तर विंडोज सापडतच नाही. संगणक सुरू होतो आणि निमूटपणे परत बायोसात येऊन उभा राहतो. पहिल्या मजल्यावर असंच झालं. घरातला मुलगा दुसऱ्या दिवशीच्या प्रेझेंटेशनच्या आठवणीने पांढरा पडला. काका शांत. "घाबरू नका, फोटो आहेत." फोटो होते. हवी ती ओळ नेमकी काकांच्या कपाळाखाली गेली होती. रात्री साडेदहाला सीएसएम परत चालू झालं, डिस्क एमबीआरची नव्या, जीपीटी पद्धतीची करणारं मायक्रोसॉफ्टचंच एक साधन चालवलं गेलं, आणि विंडोजचं चिन्ह पडद्यावर उमटलं तेव्हा काकांनी, हे असंच व्हायला हवं होतं, अशा थाटात मान हलवली. कोणतीही बिघडवलेली गोष्ट त्यांनी तशीच सोडलेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्याच्या आधीचे महिने म्हणजे काकांची लग्नसराई. रविवारी दोन-दोन घरं. त्यातच ते सातव्या पिढीचं इंटेल मशीन आलं. चिप सुरू झाली, टीपीएम २.० दिसू लागलं, सिक्युअर बूट हिरवं, आणि अ‍ॅपने तरीही नकार दिला, कारण विंडोज ११ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडले तर, सुरू होते आठव्या पिढीपासून. हे काकांना आधीपासून ठाऊक होतं. "मग दोन तास काय केलंत?" असं घरमालकाने विचारल्यावर काका म्हणाले, "चिप तर उठली ना?"

त्या घरमालकाने नवा लॅपटॉप घेतला. काका बघायला गेले. आता यात काकांना काहीच नव्हतं. २०१६च्या जुलैच्या अखेरीपासून विंडोजसह येणाऱ्या नव्या मॉडेलांमध्ये टीपीएम २.० सुरू करूनच द्यायचं, असा मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांना दंडक आहे. काकांनी 'टीपीएम डॉट एमएससी' उघडलं. 'वापरासाठी तयार' असा शेरा होता. त्यांनी तो दोनदा वाचला. पोरगा म्हणाला, "बघा काका, काही करायलाच नको."

काकांनी सेटिंग्जमध्ये आणखी एक पान उघडलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"डिस्क एन्क्रिप्ट झालीये. आपोआप. रिकव्हरी की कुठेय? अठ्ठेचाळीस आकडे असतात."

घरात कुणी कुणाकडे बघेना.

"मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल. खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय?"

"दुकानातल्या मुलाने उघडून दिलं," पोरगा म्हणाला.

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "वहिनी, चहा टाका. साखर कमी."