टाइमपीस : अर्थ, लिंग व योग्य वापर

‘टाइमपीस’ हा इंग्रजीतला भारदस्त शब्द आहे. चारचौघांत तो वापरताना फजिती होऊ नये म्हणून पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. आधी ऐपत पाहावी. इंग्रजीत वेळ दाखवणारे काहीही टाइमपीस होऊ शकते : मनगटावरचे, भिंतीवरचे, अगदी वाळूचेसुद्धा. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द कोणी काढत नाही. तो शोभतो लिलावाच्या यादीत आणि महागड्या जाहिरातीत. दुकानदार ‘वॉच’ म्हणाला तर किंमत विचारावी. ‘टाइमपीस’ म्हणाला तर आधी पाणी मागावे.

२. मग कान लावावा. काटेकोर इंग्रजीत टोले देते ते क्लॉक, मुकाट्याने वेळ दाखवते ते टाइमपीस. ‘क्लॉक’ हा शब्द मुळात घंटेचाच. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘क्लोका’चा वंशज. इंग्लंडात सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचे मानले जाणारे घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत, नुसते टोले. तरीही ते अस्सल क्लॉक.

३. मराठी घरात शिरताना वरचा नियम चपलांसोबत बाहेर काढून ठेवावा. आपल्याकडे टाइमपीस म्हणजे गजराचे घड्याळ : डोक्यावर दोन पालथ्या वाट्या, मधे हातोडी, पाठीवर किल्ल्या. मुक्याला ठेवलेले नाव आपण घरातल्या सर्वांत कर्कश वस्तूला दिले आणि आजवर कोणाचे काही अडले नाही.

४. व्याकरण. लिंग नपुंसक. सामान्यरूप ‘टाइमपिसा-’. “टाइमपिसाला किल्ली दिलीस का रे?” या वाक्यात शब्दाचा सगळा भारदस्तपणा गळून पडतो. घाबरू नये, शब्द घरचा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

५. निगा. परीक्षा किंवा पहाटेची एसटी असल्यास टाइमपीस स्टीलच्या ताटात ठेवावे. शेजारीही वेळेवर उठतात. बंद पडल्यास पालथे घालून पाहावे. काही टाइमपिसे त्याच आसनात चालतात. वेळ बघायला उचलले की थांबतात, ही किरकोळ अडचण.

६. शंका : आपले घटिकापात्र कशात मोडते? बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. २४ मिनिटांनी ती भरून बुडाली की एक घटिका झाली. वाटी बिचारी गुपचूप बुडते. घंटा वाजवायची ती शेजारी बसलेल्या माणसाने. तेव्हा वाटी टाइमपीस, माणूस क्लॉक.

सरावासाठी उदाहरण. आमच्या टाइमपिसाची गजराची स्प्रिंग तुटली आहे. किल्ली कितीही फिरवा, हातोडी दोन वाट्यांच्या मधे नुसती उभी. म्हणजे इतक्या वर्षांनी ते इंग्रजी नियमाप्रमाणे खरे टाइमपीस झाले. पहाटे मात्र स्वयंपाकघरातून आवाज येतो, “ऊठ, पाच वाजले!” डोळे चोळत बघावे तर चार पन्नास. पाच मिनिटांनी पुन्हा तोच आवाज, “अरे, साडेपाच झाले!” तबकडी नाही, काटे नाहीत, वेळेचा तर भरवसाच नाही. पण एसटी आजवर एकदाही चुकलेली नाही.

आईचे वर्गीकरण वाचकांनी सूचना क्रमांक २ पाहून स्वतः करावे.