परक्या तोंडाचा धनी

सकाळी साडेआठच्या सुमारास रबाळे स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं गळ्यात आयकार्डं अडकवून एमआयडीसीच्या दिशेनं धावत असतात. त्या लोंढ्याला उलटा कापत, मे महिन्यातही गळ्याला मफलर, काखेत थर्मास आणि चेहऱ्यावर ‘मला ओळखलंत का?’ असा भाव घेऊन जिना चढणारा पन्नाशीचा गृहस्थ दिसला, तर तो आमच्या सोसायटीतला कलाकार समजावा. ठाणे, मग घाटकोपर, मग मेट्रोनं डी. एन. नगर. तिथं अंधेरीच्या कुठल्याशा गल्लीत, एका बंद खोलीत जाऊन मरायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा त्याचा व्यवसाय.

डबिंगमध्ये संवाद सगळेच म्हणतात. याची खासियत मरण्यात. गोळी लागून, पाण्यात बुडून, कड्यावरून पडून मरताना जे हुंकार, धापा आणि किंकाळ्या काढाव्या लागतात त्यांना धंद्यात ‘एफर्ट्स’ म्हणतात, आणि एफर्ट्स म्हटले की को-ऑर्डिनेटर पहिला फोन याला करतात. एकदा परतीच्या लोकलमध्ये तो फोनवर बायकोला सांगत होता, “आज तीनदा मेलो गं. तिसऱ्यांदा जरा बरा मेलो.” चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस उठून दारात जाऊन उभा राहिला. ट्रान्स-हार्बरवर बसलेली जागा कुणी सोडल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

हा जन्मापासून असा नव्हता. आठव्या वर्षी तो कुरळ्या केसांचा गोंडस बालकलाकार होता. एका सिनेमात त्यानं नायिकेचा पदर ओढून “आई, बाबा कधी येणार?” असं विचारलं होतं आणि थिएटरातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते, असं त्याच्या आईनं आम्हां सर्वांना स्वतंत्रपणे सांगितलेलं आहे. माजी आमदाराला निदान पेन्शन असते. माजी बालकलाकाराला नुसती फर्माईश. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी मावशी म्हणतेच, “ते पदराचं म्हण ना रे!” मग हा टक्कल पुसत, खर्जातल्या आवाजात “आई, बाबा कधी येणार?” म्हणतो. मागच्या बारशाला पाळण्यातलं मूल त्यावर जे रडायला लागलं ते थांबेना.

‘छोटा जवान’मधले महेश कोठारे पुढे निर्माते-दिग्दर्शक झाले, ‘हा माझा मार्ग एकला’मधले सचिन नायक झाले. ‘श्यामची आई’तले माधव वझे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. ही नावं याला सालासकट पाठ आहेत. अपवाद तोंडपाठ असणं ही या जमातीची खूणच. याच्या बाबतीत तेराव्या वर्षी आवाज फुटला, ओठांवर लव आली आणि शेजाऱ्यांकडे येणारे निर्मात्यांचे फोन बंद झाले. शेजाऱ्यांना हायसं वाटलं असणार.

पुढची दहाएक वर्षं त्यानं काय केलं ते तो सांगत नाही. मग दूरदर्शनवर मोगली आला, शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला. 1994 साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीतून बोलू लागला, आणि परदेशी माणसा-जनावरांना देशी गळे हवे झाले. कुठल्याशा सिनेमात एका श्वापदानं खाल्लेल्या माणसाची किंकाळी ही याची पहिली कमाई. पूर्वी फिल्मचा तुकडा गोल जोडून पुन्हापुन्हा फिरवत, त्याला लूप म्हणत. आता सगळं संगणकावर चालतं, तरी हा माइकसमोर उभा राहिला की “एक लूप दे रे” म्हणतो आणि नातवाच्या वयाचा रेकॉर्डिस्ट मान डोलावून बटण दाबतो.

आणि ओठ. पडद्यावरचा माणूस ओठ मिटतो तिथं प, ब, म यांतलं काहीतरी पडायलाच हवं, नाहीतर सिंक हलतो आणि सोंग उघडं पडतं. त्यात हल्ली सिनेमा आधीच फुटू नये म्हणून काही परदेशी कंपन्या सगळं चित्र काळं करून पाठवतात. दिसतं ते फक्त बोलणाऱ्याचं तोंड. वर्षानुवर्षं अशी सुटी तोंडं बघून याची नजर माणसाच्या डोळ्यांपर्यंत चढेनाशी झाली आहे. तुम्ही बोलत असलात की हा एकटक तुमच्या ओठांकडे पाहतो. नवीन माणूस मिशीला काही लागलंय का म्हणून रुमाल काढतो. बिल्डिंगमध्ये कुणाची दाढ भरायला झाली आहे हे दंतवैद्याच्या आधी याला कळतं. वार्षिक सभेत सेक्रेटरी सिंकिंग फंडाचा हिशेब अडखळत वाचत होते, तेव्हा हा माझ्या कानाशी पुटपुटला, “सिंक हललाय. खोटं बोलतोय.” तपासाअंती रकमेत खरोखरच गोम निघाली.

याचं दैवत मात्र इटलीतलं. तिकडे 1930 साली मुसोलिनीच्या सरकारनं परदेशी भाषेतले संवाद पडद्यावर ऐकवायला बंदी घातली. हुकूमशहाच्या हातून डबिंग-कलाकारांची एक अख्खी जमात पोटाला लागावी, हा इतिहासातला चमत्कारच म्हणायचा. त्या जमातीतला फेरुच्चो अमेंदोला पोरवयातच या धंद्यात आला. रॉसेलिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’तल्या छोट्या मुलाला आवाज त्याचा. पुढं तो रॉबर्ट डी नीरोचा इटालियन आवाज झाला. अल पचिनोचाही झाला. डस्टिन हॉफमन आणि स्टॅलोनचाही झाला. मग 1995 साली ‘हीट’ आला, आणि त्यात डी नीरो आणि पचिनो एकाच टेबलाशी समोरासमोर कॉफी प्यायला बसले! एकाच गळ्यानं स्वतःशी किती वेळ बोलायचं? शेवटी पचिनोसाठी जानकार्लो जानिनीला आणलं, अमेंदोला डी नीरोकडेच राहिला. ही कथा आमचा कलाकार गणपतीच्या आरतीनंतर, प्रसाद हातावर पडायच्या आत सांगतो. सांगून झाली की उसासा टाकतो, “असा पेच माझ्यावर कधी येणार?”

खरं तर येऊन गेला. एका दाक्षिणात्य सिनेमाच्या हिंदी अवतारात गुंडही हाच होता आणि गुंडाला बडवणारा हवालदारही हाच. “मीच मला मारलं आणि मीच बोंबललो. पैसे एकाचेच दिले.” तेही तीन महिन्यांनी.

2020च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद झाले तेव्हा त्यानं बेडरूममधलं कपाट रिकामं करून आतून गोधड्या ठोकल्या आणि त्यात माइक बसवला. बायकोच्या पैठण्या तेवढ्या आत राहू दिल्या. जरीकाठानं आवाज घुमत नाही म्हणे. (मला यात तथ्य वाटत नाही, पण पैठण्यांची दुसरी सोय घरात नव्हती हे खरं.) दिवसा कुकरच्या शिट्या, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर. म्हणून रेकॉर्डिंग रात्री एकनंतर. अशाच एका रात्री कुणा सरदाराचा गळा आवळण्याचं काम चाललं होतं. खालच्या मजल्यावरचे काका वॉचमनला घेऊन, हातात काठी धरून वर आले आणि दार ठोठावू लागले. आतून आधी घरघर, मग अतिशय शांत, शुद्ध आवाजात उत्तर आलं, “काका, दोनच मिनिटं. जीव जातोय, गेला की उघडतो.”

तरी कॅमेऱ्याची आस सुटत नाही. परवा ती फळाला आली. एका मराठी वेबमालिकेत याला आजोबांची भूमिका मिळाली, दोन प्रसंग, पाच वाक्यं. आम्ही सगळ्यांनी त्याच्या घरी बसून पाहायचं ठरवलं. चहा-पोहे झाले. मुलानं भाग लावला तो चुकून हिंदी आवृत्तीचा. पडद्यावर आमचा कलाकार, तेच टक्कल, तोच मफलर. तोंड उघडलं आणि आतून कुणी दुसराच माणूस बोलू लागला. मुलगा रिमोट शोधायला लागला, बायकोनं घाईघाईनं पोहे वाढायला घेतले. हा मात्र खुर्चीतून पुढं सरकून स्वतःच्या ओठांकडे एकटक पाहत होता.

“परत लाव,” तो म्हणाला. तीन वेळा लावून घेतलं.

मग उठून त्यानं फोन फिरवला. आवाज देणारा अर्थातच याच्या ओळखीतला निघाला. पहिल्यांदा विचारलं किती मिळाले. आकडा ऐकून हा गप्प झाला. चेहऱ्याचे याला मिळाले होते त्याहून तो जास्त असावा. घसा साफ करून, खास ठेवणीतल्या खर्जात म्हणाला, “तुझा ‘म’ माझ्या उघड्या तोंडावर पडतोय रे बाबा. पुढच्या भागाला मला बोलाव. माझे ओठ मला माहीत आहेत.”