अत्यावश्यक आप्पा

आप्पांना फिरायला जायला आवडत नाही. त्यांना घरातून निघायला आवडतं. फरक बारीक असला तरी आमच्या गल्लीला तो चांगला ठाऊक आहे. पायात चपला सरकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते मुक्कामी पोचेपर्यंत टिकत नाही. वणीच्या गडावर गेले की 'पायऱ्या फार', नाशिकला मेनरोडला गेले की 'गर्दी फार', आणि भाचीच्या लग्नात अक्षता पडायच्या आत काकूंच्या कानाशी लागून 'निघायचं का आता?' घरी आले की पंखा लावतात, पाणी पितात, आणि पाणी पोटात उतरायच्या आत खुंटीवरची पिशवी पुन्हा हातात.

करोनाच्या दिवसांत अशा लोकांना वर्तमानपत्रांनी 'विनाकारण फिरणारे' म्हणून रोज झोडपलं. आप्पांच्या बाबतीत ही निव्वळ बदनामी आहे. आप्पा जन्मात कधी विनाकारण कुठे गेलेले नाहीत. कारण हाच तर त्यांचा खरा छंद.

आप्पा मिगमधले. ओझरमध्ये एवढं सांगितलं की माणसाची अर्धी ओळख होते. १९६४ साली इथल्या माळावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, मिग-२१ तयार व्हायला लागली आणि बाणगंगेकाठच्या या गावाच्या नावाला 'मिग' चिकटलं ते कायमचं. पुढे मिग-२१चं काम संपलं, मिग-२७चं संपलं, सुखोई आलं. गाव आपलं 'ओझर मिग'च. तर त्या कारखान्यात आप्पांनी हयात काढली. शिफ्ट चालू असताना बाहेर पडायचं तर गेटपास लागायचा, आणि गेटपासवर 'कारण' असा एक रकाना. आप्पांच्या अंगी जी काही प्रतिभा होती ती या बोटभर रकान्यात खर्ची पडली. गॅस सिलिंडर, चुलत सासऱ्यांचा मोतीबिंदू, मुलाच्या शाळेत पालकसभा. मूल तेव्हा पाळण्यात होतं. साहेबाने सही केली म्हणजे कारण खरंच पटलं होतं की वाचून करमणूक झाली म्हणून केली, हे कळायला मार्ग नाही.

रिटायर झाल्यावर आप्पांवर घाला पडला तो इथे. जा म्हणावं तिकडे जा, कुणी विचारेना. 'काय आप्पा, कुठं चालले?' असं कुणी म्हणायचं, पण उत्तर ऐकायला थांबायचं नाही. अशी रकान्याविना काही वर्षं गेली. आप्पा वाळले. मग २०२०चा मार्च आला.

२२ तारखेच्या जनता कर्फ्यूला सगळ्यांनी पाच वाजता दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या. आप्पा थाळी घेऊन थेट हायवेपर्यंत गेले. 'आपल्या गल्लीत डॉक्टर राहतोय का एकतरी? ज्याच्यासाठी वाजवायचं त्याला ऐकू नको जायला?' बुधवारपासून एकवीस दिवसांचं लॉकडाऊन लागलं, आणि महिनाअखेर जिल्ह्यातला पहिला रुग्ण निघाला तो आमच्याच निफाड तालुक्यात, लासलगावकडे. मग मात्र गल्लीतली दारं खरोखर बंद झाली. लोक दुधाच्या पिशव्या धुऊ लागले. भाजी मिठाच्या पाण्यात पोहू लागली. नाक्यावर बांबू आडवे पडले, आणि बांबूपाशी खुर्ची टाकून एक पोलीस बसला, ज्याचं कामच मुळी 'कुठं चालले?' असं विचारून उत्तर पुरतं ऐकून घेण्याचं होतं.

आप्पांना हवा तो श्रोता मिळाला.

काकूंना रक्तदाबाची गोळी लागते. आप्पांनी ते प्रिस्क्रिप्शन लॅमिनेट करून घेतलं. सगळी दुकानं बंद असताना लॅमिनेशन कुणी करून दिलं हा प्रश्न आम्ही विचारला. त्यावर 'त्याच्याकडे पण मी औषध घेऊनच गेलो होतो' असं उत्तर मिळालं. महिन्याच्या गोळ्या एकदम आणाव्यात ना? छे. मेडिकलवाल्याने कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या द्यायच्या, आप्पांनी त्या कागदी पुडीत घालून आणायच्या, परवा पुन्हा दोन. 'आपण एकट्यानेच सगळा साठा उचलला तर बाकीच्यांनी काय करावं?' साठेबाजीच्या विरोधात इतकं चाललेला माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

नाक्यावरचं संभाषण मी एकदा दुधाच्या निमित्ताने जवळून ऐकलं.

'काय काका, कुठं?'

'औषध.'

'काल पण औषधच सांगितलं ना तुम्ही.'

'कालचं बीपीचं. आजचं शुगरचं.'

'शुगर कोणाला?'

'अजून कोणाला नाही. पण घरात बसून बसून होऊ राहिली ना सगळ्यांना!'

'आणि पिशवीत ही कोथिंबीर?'

'ती पथ्याची.'

पोलिसाने मास्कच्या आत काय केलं ते दिसलं नाही. डोळे तरी हसले. इतर कुणी असता तर भर रस्त्यात उठाबशा काढाव्या लागल्या असत्या. पुढेपुढे तो पोलीस आप्पा दिसले नाहीत तर चौकशी करायला लागला.

द्राक्षांचं कारण मात्र अस्सल होतं. त्या वर्षी मार्च-एप्रिलात बागांमध्ये माल तसाच लटकलेला; बाजार ठप्प, गाड्या बंद, व्यापारी फोन उचलेना. पिंपळगाव, सुकेणे, सगळीकडे तीच कथा. ज्यांना जमलं त्यांनी बेदाणा टाकला, बाकीच्यांनी मिळेल त्या भावाला रस्त्यावर विकली. आप्पा 'शेतकऱ्याला आधार' म्हणून सायखेडा रस्त्याला सायकल घालत आणि क्रेट बांधून परत येत. आधार देता देता घरात इतकी द्राक्षं साठली की काकूंनी गच्चीवर जुन्या साड्या अंथरून बेदाणा केला. तो उन्हाळाभर आमच्याकडे शिऱ्यात, पुलावात आणि एकदा चक्क थालीपिठात आला.

बाकी गल्लीने घरबसल्या छंद लावून घेतले होते. दूरदर्शनवर सकाळी नऊला आणि रात्री नऊला रामायण लागायचं. पोरी चमच्याने कॉफी फेटून फेटून डालगोना करायच्या आणि फोटो काढून झाल्यावर साधा चहा प्यायच्या. कुकरमध्ये केक, फोनवर लुडो. आप्पांनाही मुलाने पुण्याहून फोन करून बजावलं, 'बाबा, काहीतरी छंद लावून घ्या.' आप्पांनी पक्षिनिरीक्षण निवडलं. त्याच जानेवारीत आमच्या तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ पक्षी अभयारण्याला रामसर दर्जा मिळाला होता, महाराष्ट्रातली पहिली जागा. म्हणजे छंद स्थानिक, प्रतिष्ठेचा आणि मुख्य म्हणजे घराबाहेरचा. अभयारण्य बंद आहे हे कळल्यावर त्यांनी पुतण्याची दुर्बीण घेऊन गच्ची गाठली. चित्रबलाक काही दिसले नाहीत. पण कुणाकडे संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो, कोणाच्या घरी मुंबईचा पाहुणा गुपचूप उतरलाय आणि कोणता गृहस्थ गच्चीच्या टाकीआड सिगरेट ओढतो, याची पक्की नोंद त्यांच्याकडे झाली.

आकाशही त्या दिवसांत चमत्कारिक शांत होतं. ओझरकरांचे कान जन्मापासून विमानाच्या आवाजाला सोकावलेले. बाहेरचा पाहुणा दचकून वर बघतो तेव्हा आम्ही फक्त टीव्हीचा आवाज वाढवतो. पुढे केव्हातरी सुखोईची पहिली गर्जना पुन्हा झाली तेव्हा आप्पा अर्धी दाढी तशीच ठेवून अंगणात धावले. 'इंजिन बरोबर बोलतंय,' म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. साबण गेला म्हणाले.

हायवेवरून त्याच सुमाराला माणसं चालत जात होती. मुंबईहून निघालेली, आग्रा रोडने उत्तरेकडे. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायांत काहींच्या काहीच नाही. गावातल्या पुष्कळांनी पाणी, बिस्किटं, भाकरी नेऊन दिली. आप्पा रोज जायचे. नाक्यावर त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. त्या फेऱ्यांची एकही गोष्ट आप्पांकडून अजून ऐकलेली नाही, आणि हा माणूस मीठ आणायला गेलेली गोष्ट दोन भागांत सांगणारा आहे.

मेमध्ये दारूची दुकानं उघडली. आप्पा माळकरी. तरी रांगेत उभे. 'आखलेले गोल नीट अंतरावर आहेत का ते बघत होतो.' वास्तविक ते गल्लीतल्या तिघांसाठी नंबर धरून होते. त्या तिघांनी त्यानंतर आप्पांविरुद्ध कधी अवाक्षर काढलं नाही.

जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन' आलं. पहाटे पाच ते संध्याकाळी सात चालायला, पळायला, सायकल मारायला परवानगी. गावाला हायसं वाटलं. नवे बूट घातलेली माणसं टाऊनशिपच्या रस्त्यांवर झाडांखालून हात हलवत चालायला लागली. आणि आप्पा घरी बसले. पहिल्यांदाच! 'गुडघा दुखू राहिला,' म्हणाले. काकू घाबरल्या, अंगात कणकण आहे का पाहिलं. कणकण कसली? नाक्यावरचा बांबू गेला होता. जो रस्ता सरकारने सगळ्यांनाच मोकळा करून दिला त्या रस्त्यावर आप्पांनी काय म्हणून जायचं?

त्यांना उभारी दिली ती ई-पासने. जिल्ह्याबाहेर जायचं तर अर्ज, आणि अर्जात, अहाहा, 'प्रवासाचे कारण' असा रकाना. आप्पांनी अष्टविनायकातल्या विघ्नहराच्या दर्शनाचा अर्ज भरला. आता तो गणपती पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, आणि त्याही गावाचं नाव ओझर. म्हणजे कोठून: ओझर. कोठे: ओझर. कारण: विघ्ननिवारण. अर्ज तडक फेटाळला गेला. देवळं तेव्हा बंदच होती, ती उघडली दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, हे आप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना जायचं कुठे होतं? नामंजूर झाल्याच्या मेसेजवर त्यांनी आठवडाभर लोकांशी वाद घातला आणि गुडघा पूर्ण बरा झाला.

पण आप्पांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण आला मार्च २०२१च्या शेवटी. करोना पुन्हा वाढला होता, आणि नाशिक शहरात पोलिसांनी बाजारपेठेत शिरायला चक्क तिकीट लावलं. माणशी पाच रुपये, एक तास. तासाच्या वर रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. देशभर त्याची थट्टा झाली, व्यापारी वैतागले. आप्पांनी बातमी दोनदा वाचली, इस्त्रीचा शर्ट काढला आणि काकूंना म्हणाले, 'चल.'

'कशाला?'

'कुकरची रिंग गेलीय ना?'

'ती दिवाळीत गेली. तेव्हाच नवी आणली.'

'एक जादा असावी.'

दहावा मैल मागे पडेपर्यंत त्यांनी काकूंना तीन वेळा घड्याळ लावायला सांगितलं. बॅरिकेडपाशी दोन पावत्या फाडल्या, आप्पांनी वेळ बघून घेतली आणि आत शिरले ते एखाद्या संशोधकासारखे. रिंग पंधरा मिनिटांत मिळाली. काकू निघाल्या तर आप्पांनी हात धरला, 'पाच रुपये तासाचे दिलेत.' उरलेला पाऊण तास दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर, मास्कमध्ये, रस्ता बघत बसली. काकू सांगतात, लग्नानंतर इतका वेळ ते एका जागी त्यांच्याजवळ पहिल्यांदा बसले. तास भरायला तीन मिनिटं असताना आप्पा उठले आणि बॅरिकेडच्या अलीकडे येऊन घड्याळाकडे बघत थांबले. एकोणसाठाव्या मिनिटाला बाहेर. पोलिसाने पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही, याचं त्यांना परत येताना फार वाईट वाटत होतं.

त्यानंतरच्या एप्रिल-मेबद्दल विनोदी काही लिहिता येण्यासारखं नाही. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन, एवढेच शब्द फोनवर यायचे. आमच्या ओळीतली दोन घरं त्या महिन्यांत कमी झाली. किराणा सात ते अकरा उघडा असायचा. आप्पा गेटला आतून कडी लावून बसायचे आणि सामान दुकानातला पोरगा आणून द्यायचा.

लस आली तेव्हा ते पुन्हा हलले. ओझरलाच लस मिळत होती, पण कोविनवर जिल्ह्यातली सगळी केंद्रं दिसतात हा शोध त्यांना लागला होता. पहिला डोस त्यांनी येवल्याला घेतला. 'तिथं गर्दी कमी.' दोन डोसांतलं अंतर सरकारने वाढवलं तेव्हा लोक चिडले. आप्पांनी तो वेळ नकाशा बघण्यात घालवला आणि दुसरा डोस सुरगाण्याला घेतला, भर पावसाळ्यात, एसटीने. सुया दोन्ही खेपांना काही सेकंदांच्या. प्रवासाची वर्णनं मात्र अजून चालू आहेत.

एप्रिल २०२२मध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातले सगळे निर्बंध उठले. गुढ्या उभ्या राहिल्या, शोभायात्रा निघाल्या, मास्क खिशात गेले. आप्पा गेटपाशी पिशवी घेऊन उभे होते, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस 'नमस्कार आप्पा' म्हणून पुढे जात होता. पंधरवड्यात त्यांचा गुडघा पुन्हा दुखायला लागला. डॉक्टर झाले, तेल झालं, पट्टा झाला.

उपाय शेवटी काकूंना सापडला. हल्ली आप्पांनी चपलांकडे नुसतं पाहिलं की त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, 'कुठं?' आप्पा कारण सांगतात. काकू ते नामंजूर करतात. आप्पा दुसरं सांगतात. मग थोडी घासाघीस होऊन मंजुरी मिळते, तीही वेळ घालून: 'पाऊण तास. वर एक मिनिट झालं तर पाचशे.' गुडघ्याचा पट्टा आता कपाटात असतो. दंड आप्पा रोख भरतात, पावती मागतात, आणि काकू ती वाण्याच्या बिलामागे लिहून देतात. साठलेल्या दंडातून काकूंनी परवा नवा मिक्सर घेतला. तो आणायला आप्पाच गेले होते, आणि यायला त्यांना सव्वा तास लागला.