काकूंचा रिमोट

मुंबईचा टीव्ही समीक्षक ‘कथानकाचा पोत’ तपासतो. चिखलीच्या आमच्या काकूही तपासतात, फक्त हातात गवारीच्या शेंगा असतात. २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली, तेव्हा त्यांचा अभिप्राय एका ओळीचा होता : “चार दिवसांचा हिशोब केला कोणं रे बापा?” याहून नेमकी समीक्षा मी छापील वाचलेली नाही.

त्यांची खरी तक्रार बोलीची. पडद्यावर वऱ्हाडी येते ती हशा पिकवायला. ‘चला हवा येऊ द्या’त भारत गणेशपुरे बोलले की अख्खा महाराष्ट्र हसतो, काकूही हसतात, आपला माणूस म्हणून जरा जास्तच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तल्या नागपूरच्या राधिकेला बोलीसकट संसार मिळाला, नवरा मात्र अर्धाच. भारदस्त प्रसंग आला की बोली रजेवर. जिजाऊंचा जन्म १५९८चा, आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचा. २०१९ साली ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सुरू झाली आणि काकू म्हणाल्या, “काहून रे, सिंदखेडराजा पुण्यात कधी गेलं?” (चारशे वर्षांपूर्वी तिथं नेमकं कसं बोलत, हे त्यांनाही ठाऊक नाही. पण समीक्षकाला एवढी सूट असतेच.)

तेवढ्यात लाइट गेली. ऐन वळणावर.

“जाऊ दे, उद्या पयले तेच दाखवतेत,” म्हणत त्यांनी उरलेल्या शेंगा अंधारातच मोडायला घेतल्या.