खंड्याचे पेपर कुठायत?

साताऱ्यात बंगला बांधून झाला की वास्तुशांत होते, दारात चारचाकी येते आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी लागते. पाटीला शोभेल असा कुत्रा मागाहून शोधतात. तो शक्यतो सायबेरियन हस्की असावा. साताऱ्याच्या मे महिन्यात त्याच्यासाठी एसी लावावा लागतो आणि त्याचं बिल पाहुण्यांना ऐकवता येतं. गल्लीतल्या गावठी पिल्लात ती सोय नाही. ते फुकट मिळतं, दूध-भाकरी खातं, सांगायचं काय?

पिल्लू बघायचा कार्यक्रम रीतसर करावा. आई-बाप कोण, रंग कसा, घराण्यात कुणी बक्षीस मिळवलंय का, सगळं विचारावं. मग ‘पेपर’ मागावेत. वंशावळ हाती आली की फ्रेम करून दिवाणखान्यात लावावी. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव आठवत नसलं तरी बिघडत नाही.

या बाबतीत थोरले शाहू महाराज फारच बेफिकीर निघाले. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवला म्हणून त्यांनी खंड्या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. त्याला जरीची वस्त्रं नि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहून गेला. संगम माहुलीला खंड्याची समाधीही आहे. पण एवढ्या सरबराईत कुणी त्याचे पेपर तपासल्याचं ऐकिवात नाही!

तेव्हा आधी कामगिरी, मग जहागीर असा उलटा कारभार होता. आता तो सुधारला आहे. जहागीर पिल्लू घरात येण्याआधीच तयार असते. कामगिरी गल्लीतल्या गावठ्याकडे. रात्री दोनला अनोळखी माणूस दिसला की तो भुंकतो. हस्की गारव्यात झोपलेला असतो. सकाळी झोपमोड केली म्हणून गावठ्याला दगड बसतो.

देशीच पाळायचा तर मुधोळ हाऊंड चालतो. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तो पाचव्या जॉर्जला भेट दिला होता आणि २००५ साली टपाल तिकिटावरही आला. विलायतेच्या राजाच्या हातून आलं की देशी आपल्याला पचतं.

एक किरकोळ बाब राहिली. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. पिल्लाचे पेपर बघून झाले की ब्रीडरचेही मागून बघा. त्याला नेमकी तेव्हाच रेंज नसेल. मग गल्लीतलं पिल्लू उचला. त्याला एकच कागद लागतो, रेबीजच्या लशीचा. तो घराणेदारालाही चुकत नाही.